घोळाण्याला तेल करडईचंच, अन् ते आपल्या रानातलं



मागच्या पौषात खंडोबाच्या यात्रेला लेक पुण्याहून आली. येताना सॅलडवर घालायची एक पांढरी बाटली घेऊन आली. काकडी-कांद्यावर ओतून दिली. चव बरी होती, खोटं कशाला बोलू. पण चष्मा लावून बाटलीमागचं बारीक अक्षर वाचलं, तर पहिलंच नाव तेलाचं अन् पुढं साखर. लेक म्हणाली, "अण्णा, हलकं असतं हे." म्हणलं, "बाई, तेल कुठलंही असू दे, एका ग्रॅमला ९ कॅलरी. हलकं-जड हे किती घातलं त्यावर."

आपला घोळाणा काय वेगळा आहे? कच्ची मेथी नाहीतर ज्वारीतली पाथरी, वर कूट, लिंबू, कच्चं तेल. भाकरीसंगं अजून काही लागत नाही.

आईची रीत सांगतो. पाला दोन-तीन पाण्यातून धुवायचा अन् पूर्ण निथळू द्यायचा. ओल्या पाल्याला तेल लागत नाही. बारीक कांदा, हिरवी मिरची, दोन चमचे जाडसर शेंगदाण्याचं कूट. दोन लहान चमचे करडईचं तेल आधी चोळायचं. मीठ अन् लिंबू ताटात वाढताना. मीठ आधी पडलं की पाला पाणी सोडतो, लगदा होतो. तेल-लिंबू कूट धरून ठेवतं, म्हणून थोडक्या तेलात भागतं.

करडईचंच का? एक तर चव सौम्य, पाल्याची चव दाबत नाही. दुसरं, नेहमीच्या करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलिक आम्ल असतं. ते शरीराला लागतं अन् शरीर स्वतः बनवत नाही. पण ह्याच गुणानं हे तेल लवकर खवट होतं. म्हणून महिनाभर पुरेल एवढंच गाळून आणा, उन्हापासून लांब ठेवा, अन् तळणासाठी पुन्हा पुन्हा तापवू नका.

आता खरं दुखणं. करडई राहिलीय कुठं? आमचे वडील ज्वारीत पाटे टाकायचे, कडेनं करडई लावायचे. काट्यामुळं जनावर आत शिरायचं नाही. पहाटे दवात काटा मऊ असताना काढणी व्हायची. पुढं मजूर मिळंना अन् सगळ्यांनी सोडली. मीही सोडली. सोयाबीन विकायचं अन् तेलाचं पाकीट विकत आणायचं, हा आपला व्यवहार झाला. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याच्या वर बाहेरून येतंय, त्यात आपल्या घरचंबी पाकीट आलंच की.

पाथरीचंही तसंच. मी बांधावर तणनाशक मारलं, गवतासंगं पाथरी गेली. लेकीला घोळाणा करून घालायला शेजाऱ्याच्या रानातनं आणावी लागली. चूक माझीच.

माझं मत सरळ आहे. सोयाबीन सोडा म्हणत नाही. नवरात्राच्या आसपास ओल बघून घरापुरती दहा-वीस गुंठे करडई पेरा. मूळ खोल जातं, कमी पाण्यावर येते. काट्याची भीती असंल तर परभणी विद्यापीठाचा, फलटणच्या निंबकर संस्थेचा बिनकाट्याचा वाण बघा. मोठं रान असंल तर हार्वेस्टरनं निघते. विरळणीच्या कोवळ्या रोपांची भाजी होते. बियात तेल तीस टक्क्यांच्या आसपास, घाण्यावर त्याहून कमीच पडतं, हे धरून हिशोब मांडा. पेंड जनावराला. माव्यावर मात्र लक्ष ठेवा.

अन् एक पक्कं: जिथं फवारणी केली तिथला पाला कच्चा खायचा नाही, पोरांना तर अजिबात नाही. घोळाण्यासाठी एक कोपरा बिनफवारणीचा ठेवा.

कृषी अधिकारी मंडळी वाचत असतील तर माव्याला कमी फवारणीत कसं आवरायचं ते खाली लिहा. अन् नळदुर्ग, अणदूर भागात कुणाकडं करडई उभी असंल तर सांगा, बघायला येतो. भाकरी संगं आणतो, घोळाणा तुमचा.