‘जेन्ट्स’ माउंटन बाईक म्हणे!

सध्या तळेगावात ज्याला त्याला ‘जेन्ट्स माउंटन बाईक’ हवी. जाड टायर, पुढे शॉकअप... आणि दुकानदाराचं पालुपद, मर्दानी गाडी आहे! अहो, सायकल टांगेच्या मापाने घ्यायची असते. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहा, वर तीन-चार बोटं जागा उरली की ती तुमची. मिशांचा इथे काय संबंध?

ही जात १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइसच्या कच्च्या उतारांवर जन्मली. त्या पहिल्या गाड्यांना शॉकअप नव्हतेच! आपल्याकडे सत्याग्रही घाट आहे खरा, पण डांबरी. तिथे गिअर कामाला येतात. स्वस्तातला शॉकअप मात्र चढावर डोलत पायाचा जोर खातो, वजन वेगळंच. वावरात न्याल, तर पावसाळ्यात काळी माती जाड टायरला अशी चिकटते की चाक फिरत नाही. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. दप्तर, डबा, सरकीची चुंगडी ठेवायची कुठे?

कापसाच्या चुकाऱ्यातून बाप हे पैसे काढतो हो. पुढे साधा चिमटा, मध्यम टायर, सहा-सात गिअर, मजबूत कॅरिअर, एवढंच मागा. दुकानदार हसला तर हसू द्या, आर्वीपर्यंत रोज पायडल त्याला मारायचं नाही.