भोग कुणाचे, भोगतं कोण?

देव जर दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर जगात इतकं दुःख का? हा प्रश्न पंडितांचा मानला जातो. खरं म्हणजे आपल्या वस्त्यांमधल्या प्रत्येक बाईने तो कधी ना कधी विचारलेला असतो. तान्हं मूल दगावल्यावर, नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर, पोरीला जाळल्याचा निरोप आल्यावर. फरक इतकाच की पंडित त्यावर ग्रंथ लिहितो, आणि बाईला जागच्या जागी उत्तर मिळतं: "तुझे भोग आहेत बाई, भोगून संपवायचे."

या लेखाचं भांडण त्या उत्तराशी आहे. देव आहे की नाही हा वाद इथे घालायचा नाही. बाईने विचारलेल्या प्रश्नाला तिच्या वतीने परस्पर उत्तर देऊन टाकण्याचा हक्क कुणाला मिळाला, आणि त्या उत्तराने नेमकं कोण सुटतं, एवढंच तपासायचं आहे.

प्रश्न जुना आहे, आणि बाईचा आहे

महाभारताच्या वनपर्वात हा प्रश्न सडेतोडपणे मांडते ती द्रौपदी. भर सभेत विटंबना झाली, राज्य गेलं, वनवास आला. धर्माने वागणारा नवरा मात्र क्षमेचे गोडवे गातो आहे. तेव्हा ती म्हणते की विधाता माणसांशी लहान मूल खेळण्यांशी खेळतं तसा खेळतो. पुढे तिचा युक्तिवाद असा: केलेलं कर्म कर्त्याला चिकटत असेल, तर हे सारं घडवणाऱ्या ईश्वरालाही पाप लागलं पाहिजे. आणि त्याला लागत नसेल, तर जगात बळ हेच एकमेव कारण उरतं. मग मला दुबळ्या माणसांचीच कीव येते. यावर युधिष्ठिर काय म्हणतो? तू नास्तिकासारखं बोलतेस. तो तिला समजावतो, धर्मावर शंका घेऊ नकोस म्हणतो, पण सभेत जे झालं त्याचा जाब कुणाला विचारायचा, याचं उत्तर तिला मिळत नाही. बाईच्या प्रश्नाला नीतीचा उपदेश हे उत्तर देण्याची रीत इतकी जुनी आहे.

सोयराबाईंनी विटाळाबद्दल सवाल केला, की देह जर विटाळातूनच घडतो तर सोवळा कोण? जनाबाई तर विठ्ठलाला सरळ भांडून बोल लावतात. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असं तिने देवालाच विचारलं. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हेही तिने त्याच निबंधात लिहिलं. देवाला केलेला सवाल आणि छपराचा सवाल तिने वेगळे मानले नाहीत. आपल्यालाही ते वेगळे करता येणार नाहीत.

तीच ती चार उत्तरं

धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण बाईच्या पदरात टाकली जाणारी उत्तरं फिरून फिरून चारच.

पहिलं, पूर्वजन्मीचं पाप. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात वैधव्य ही मागच्या जन्मीच्या पापाची शिक्षा कशी मानली जाते हे स्पष्ट सांगितलं आहे. नवरा मेला की बायको पापी ठरे. बायको मेली की नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघत. एकच मृत्यू, एकच देव, आणि हिशेब दोन! हा दुजाभाव ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून वेशीवर टांगला होता. कर्मसिद्धांताची खरी करामत इथे आहे: ज्याला मार बसला तो गुन्हेगार ठरतो, आणि मारणारा केवळ निमित्त.

दुसरं, देव परीक्षा बघतो. बघत असेल. पण दर वर्षी परीक्षेला तीच ती पोर का बसते? पाटलाच्या घरची परीक्षा कधी होत नाही आणि शेतमजुराच्या बायकोची कधी संपत नाही.

तिसरं उत्तर जरा सुशिक्षित आहे: देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आहे, त्यामुळे वाईट करण्याची मोकळीकही आलीच. ऐकायला ठीक. पण स्वातंत्र्य कुणाचं? नवऱ्याचं हात उगारण्याचं स्वातंत्र्य देवाला इतकं प्रिय, आणि मार न खाता जगण्याचं बाईचं स्वातंत्र्य त्याच्या हिशेबातच नाही? या मांडणीत इच्छा पुरुषाची असते आणि बाई त्या इच्छेचं मैदान.

चौथं, शेवटी सगळ्याची भरपाई होईल. पुढल्या जन्मी, स्वर्गात, जन्नतमध्ये. म्हणजे मजुरी आज करायची आणि पगार मेल्यावर.

हे दुखणं एका धर्माचं नाही. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात प्रसूतिवेदना ही हव्वेला मिळालेली शिक्षा म्हणून येते. १८४७ साली जेम्स सिम्प्सन या स्कॉटिश डॉक्टरने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका त्याला त्याच वर्षी काढावी लागली. बाईच्या कळा थांबवायच्या तर आधी देवाची बाजू मांडायची!

उसाच्या फडातले भोग

आता जमिनीवर येऊ. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात फडावर जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. राहायला पाचटाची कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचा दंड अंगावर. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं, जंतुसंसर्ग होतो. गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढली जाते. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल.

२०१९ साली या प्रकाराचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने समिती नेमली. बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पस्तिशी-चाळिशीच्या आतबाहेरच्या या बाया.

अशा बाईला विचारा, हे कशामुळे? ती म्हणेल, "नशिबाचे भोग." आता तिचे भोग एकेक करून मोजून पाहू. पाणी न देणारा कारखाना हा एक भोग. उचलीचा फास हा दुसरा. खाड्याचा दंड तिसरा. गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नसणं चौथा. पिशवीमागे पैसे मोजणारा डॉक्टर पाचवा. पाचांपैकी एकही आभाळातून पडलेला नाही. प्रत्येकाला पत्ता आहे. 'भोग' हा एक शब्द उच्चारला की हे पाचही पत्ते पुसले जातात, आणि साखर गोडच राहते.

किल्लारीचंच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं गेली. देवाचा कोप झाला, असं तेव्हाही बोललं गेलं. भूकंप माणसाने आणला नव्हता हे खरं. पण माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचं वजन अंगावर कोसळून. जमीन हलते ती निसर्गाने. घर कसं बांधलं जातं, कोणत्या जागी, कुणाच्या देखरेखीखाली, हे माणसं ठरवतात.

देव न मानणाऱ्यांचेही भोग असतात

हे सगळं अडाणी बायांचं, आम्ही सुशिक्षित यातून सुटलो, असं कुणी समजू नये. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कोविडच्या साथीला 'ॲक्ट ऑफ गॉड' म्हटलं. विमा आणि कराराच्या कायद्यात हा शब्दप्रयोग मुळातच जबाबदारी टाळण्यासाठी आहे. सत्तेला अडचण आली की तिलाही देव आठवतो.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातही हाच प्रकार आहे. समाजकार्याच्या शिक्षणात 'समायोजन', 'स्वीकार' हे मोठे वजनदार शब्द. समुपदेशन केंद्रात मार खाऊन आलेल्या बाईला "थोडं जुळवून घ्या" असं सांगितलं जातं, तेव्हा त्यात देवाचं नाव नसतं, पण मजकूर भटजीचाच असतो. दुःखाचं मूळ बाईच्या आत शोधायचं: पूर्वी तिच्या मागच्या जन्मात, आता तिच्या स्वभावात.

यावर इतिहासाने उत्तर दिलेलं आहे. नवऱ्याकडून होणारा छळ हा पिढ्यानपिढ्या भोगच होता. १९८३ साली भारतीय दंड विधानात ४९८ अ कलम आलं आणि तो गुन्हा झाला. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. या मधल्या काळात बायकांची पूर्वजन्मीची पापं कमी झाली होती काय? कमी झाली ती आपली चूप बसण्याची सवय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. जे शतकानुशतकं दैवाने नेमलेलं म्हणत होते, ते ग्रामसभेच्या ठरावापुढे आलं. ठरावाने सगळं बदलत नाही, हे आपण जाणतो. पण ज्या गोष्टीवर ठराव होऊ शकतो ती गोष्ट देवाची नव्हती, एवढं तरी सिद्ध झालं.

मग बाईच्या श्रद्धेचं काय?

काही मैत्रिणी म्हणतील, भोग मानल्याने बाईला झोप तरी लागते, तो आधार का काढून घेता? मला हा आक्षेप खोटा वाटत नाही. आणि शिबिरात बाईच्या देव्हाऱ्याची टिंगल करणारा कार्यकर्ताही मला पसंत नाही. जिच्याकडे ना जमीन, ना माहेर, तिला विठ्ठलाशी चार शब्द बोलता येतात, तर ते हिसकावणारे आपण कोण? महात्मा फुल्यांनी निर्मिक मानला, आणि त्याच निर्मिकाच्या नावाने स्त्री-पुरुष दोघेही स्वतंत्र निपजले आहेत हे ठणकावून सांगितलं. बाबासाहेबांनी निर्माता देवही नाकारला आणि पूर्वजन्मीच्या पापाचं गाठोडंही. दोन्ही वाटा आपल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की बाईचा देव तिच्याकडे राहू दे, त्याचं वकीलपत्र घेतलेले मध्यस्थ बाजूला करा.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. सगळ्याच दुःखाला पत्ता नसतो. चार वर्षांच्या पोराला रक्ताचा कर्करोग होतो, तिथे ना मुकादम असतो ना सासू. उपचार मिळाले की नाही हा प्रश्न आपला आहेच, पण सगळे उपचार करूनही पोर जातं, तेव्हा "का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. चळवळीकडेही नाही. अशा वेळी आईजवळ बसावं, चूल पेटवून द्यावी, आणि "देवाची इच्छा" म्हणत येणाऱ्याला उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. उत्तर नसणं हे खोट्या उत्तरापेक्षा कमी क्रूर असतं.

गटांनी काय करावं

बैठकीत 'भोग' हा शब्द आला की तो तसाच जाऊ देऊ नका, आणि बाईला भाषणही देऊ नका. तीन प्रश्न विचारा. हे कुणी केलं? यात कुणाचा फायदा झाला? हे कोण थांबवू शकत होतं? उत्तरं फळ्यावर लिहा, नावानिशी, हुद्द्यानिशी. मग तक्रार कुठे करायची, मोर्चा कुठे न्यायचा, हे आपोआप दिसेल.

ही यादी संपल्यावर जे दुःख उरेल, त्याचा जाब देवाला जरूर विचारा. द्रौपदीने विचारला, मुक्ताने विचारला, आपणही विचारू. पण कारखान्याचा, डॉक्टरचा, सरकारचा आणि नवऱ्याचा हिशेब देवाच्या खात्यावर मांडणं आता बंद.