गरिबी मोजायची कुठल्या मापानं?

घरकुलाची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली की गावात दोन दिवस दुसरा विषय नसतो. माडीवाल्याचं नाव आत आणि पत्र्याच्या खोपटातली विधवा बाहेर, असा आरडाओरडा होतो. सरपंच ग्रामसेवकाकडे बोट दाखवतात, ग्रामसेवक तालुक्याकडे. यात लबाडी नसतेच असं नाही. पण सगळं खापर लबाडीवर फोडून चालणार नाही. खरा घोळ मापात आहे, आणि ते माप गावात ठरत नाही.

दारिद्र्याचा पहिला मोठा हिशेब आपल्या पुण्यातच मांडला गेला. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली रोजच्या २२५० उष्मांकांचं अन्न किती खर्चात बसतं ते पाहिलं. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये निघाले. त्यानंतर समित्या बसत गेल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली खेड्यातली रेषा ८१६ रुपये महिना आली, म्हणजे दिवसाला २७ रुपये. रंगराजन समितीने २०१४ मध्ये तीच रेषा ९७२ रुपये सांगितली. एकीच्या हिशेबाने देशात गरीब सुमारे २७ कोटी, दुसरीच्या हिशेबाने ३६ कोटी. साल तेच, माणसंही तीच.

बरं, हे आकडे पाहणीतून येतात. पाहणी गरीब किती ते सांगते, कोण ते सांगत नाही. नावं काढायला वेगळी यादी लागते. २००२ च्या यादीला १३ प्रश्न आणि ५२ गुण होते. पण गरीब कुटुंबं किती असावीत याची कमाल मर्यादा वरून आलेली. पास किती करायचे ते आधी ठरवायचं आणि मग पेपर तपासायचे, तसला प्रकार! २०११ च्या जनगणनेत दारात दुचाकी असली की कुटुंब बाहेर. दुधाच्या कॅनसाठी कर्जाने घेतलेली जुनी फटफटीही त्यात आली. घरकुलासाठी ही अट निघायला २०२४ साल उजाडलं.

पण त्या २०२४ च्या निकषांतही दोन गोष्टी खटकतात. अडीच एकर बागायत असेल तर घरकुल नाही, आणि पाच एकर जिरायत असेल तरी नाही. म्हणजे कालव्याखालचा अडीच एकर ऊस आणि जत, माण, आष्टीकडची पाच एकर बाजरी एकाच तराजूत! दुसरी गोष्ट किसान क्रेडिट कार्डाची. कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त असली की तुम्ही गरीब नाही. आता कार्ड म्हणजे पीककर्जच ना? ज्या कर्जापायी माणूस रात्र रात्र झोपत नाही, ते कर्ज मिळतं हीच त्याच्या सुखवस्तूपणाची खूण मानली आहे.

रेशनची तऱ्हा निराळी. अन्नसुरक्षा कायदा राज्यात २०१४ साली लागू झाला तेव्हा ग्रामीण कुटुंबासाठी वर्षाला ४४ हजारांची मर्यादा ठरली. पाच माणसांच्या घरात ते माणशी दिवसाला २४ रुपये होतात. सरकारच्याच २०१८-१९ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिन्याला ११,४९२ रुपये, वर्षाला १ लाख ३८ हजारांच्या आसपास. म्हणजे सरासरी शेतकरीही या मर्यादेच्या तिप्पट वर. मग दाखल्यावर आकडा कसा बसवला जातो हे तलाठी भाऊसाहेबांनाही ठाऊक असतं आणि अर्जदारालाही. जो खरं सांगेल तो धान्याला मुकेल, अशी ही रचना आहे.

आणि सरासरीवर तरी किती विसंबायचं? त्याच पाहणीत देशभरच्या सरासरी १०,२१८ रुपयांत पिकाचे फक्त ३,७९८ होते, मजुरीचे ४,०६३. शेतकरी म्हणून नोंदलेला माणूस मजुरीवर जास्त कमावतो, असा त्याचा अर्थ. २०२२-२३ च्या खर्च-पाहणीत खेड्यातल्या तळच्या पाच टक्क्यांचा माणशी महिन्याचा खर्च १,३७३ रुपये, वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१. हा खर्च आहे, उत्पन्न नव्हे, हे ध्यानात घ्या. वरचा जे शिल्लक टाकतो, जमिनीत घालतो, ते यात येत नाही. उलट खालच्याने दवाखान्यासाठी सावकाराकडून पैसे उचलले तर तो खर्च मात्र वहीत चढतो आणि घर सुधारलेलं दिसतं.

जिरायत शेतकऱ्याचं उत्पन्न एका वर्षावरून काढूच नये. पाऊस बरा झाला त्या वर्षाचा दाखला आणि दुष्काळातला दाखला यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. तीन वर्षांची सरासरी धरावी, जमिनीच्या एकराबरोबर विहिरीला पाणी किती महिने टिकतं ते लिहावं, आणि थकलेलं कर्ज उत्पन्नातून वजा करावं. तोवर ग्रामसभेने एवढं तरी करावं: यादी नुसती मंजूर न करता एकेक नाव वाचायला लावावं, आणि जे बाहेर गेले ते कोणत्या निकषाने गेले याचा रकाना मागावा. ग्रामसेवकांनी तो इतिवृत्तात लिहावा, म्हणजे तालुक्याला अपील करताना हातात कागद राहील.