घोडी 'रिकामी' म्हणण्याआधी पुन्हा एकदा बघा

आज ऊस-डाळिंब बाजूला ठेवतो. घोडीवर लिहितोय, आणि जरा रागानेच लिहितोय.

आमच्या भागात एक वाईट पद्धत पडलीय. घोडी भरवली की चौदाव्या दिवशी सोनोग्राफीवाला बोलवायचा. तो दोन मिनिटं बघणार, "रिकामी आहे" म्हणणार, आणि माज लवकर यावा म्हणून तिथंच प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन टोचून मोकळा होणार. मालकही खूश, दिवस वाचले म्हणून. माझं म्हणणं असं की या घाईत गाभण राहिलेल्या घोड्या आपण आपल्याच हाताने रिकाम्या करतोय.

घोडीला गाईच्या हिशोबाने बघायचं, इथंच सगळी गडबड आहे. गाईचा गर्भ त्या दिवसांत दोऱ्यासारखा लांब होत जातो आणि पसरून गर्भाशयाला आपली खबर देतो. घोडीचा गर्भ गोल गोळीसारखाच राहतो, वरून एक चिवट आवरण. लांब होता येत नाही, मग खबर द्यायला त्याला हिंडावं लागतं.

हे हिंडणं कसं चालतं ते एका डॉक्टरसाहेबांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. अंड फळलं की पाच-सहा दिवसांनी गर्भ स्वतःच प्रोस्टाग्लँडिन ई-2 सोडतो, तेव्हा नळीची वाट सैल होते आणि तो गर्भाशयात उतरतो. न फळलेली अंडी बहुतेक नळीतच पडून राहतात. गर्भाशयात आल्यावरही तो प्रोस्टाग्लँडिन सोडत राहतो, त्याने भिंत आकुंचन पावते आणि गोळी पुढं ढकलली जाते. या शिंगातून त्या शिंगात, मधल्या पोकळीत, परत मागं. अकराव्या ते चौदाव्या दिवसात हे सगळ्यात जोरात चालतं, दिवसातून दहा-वीस वेळा सुद्धा जागा बदलते. सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भ वाढलेला असतो, प्रोजेस्टेरॉनमुळं गर्भाशयही ताठ झालेलं असतं, मग एका शिंगाच्या बुडाशी तो अडकून बसतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या गिंथर साहेबांनी 1980 च्या दशकात सोनोग्राफी लावून तासन्‌तास बघून हे नोंदवलं. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही.

एवढं हिंडायचं कशाला? तर गर्भ आहे हे सगळ्या गर्भाशयाला कळावं म्हणून. कळलं नाही तर चौदा-पंधराव्या दिवशी गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन एफ-2 अल्फा सोडतं. अंडाशयावरचा पिवळा पिंड विरघळतो, प्रोजेस्टेरॉन पडतं, घोडी माजावर येते. 1988 साली छापून आलेल्या एका प्रयोगात गर्भाला मुद्दाम गर्भाशयाच्या एका भागात अडवून ठेवलं, तर गर्भ असूनही घोड्यांची गाभ टिकली नाही.

आता सांगा, ज्या पदार्थापासून पिवळा पिंड वाचवायला ते पोर दिवसभर फेऱ्या मारतंय, तोच पदार्थ आपण सुईतून देतो.

आणि 'चौदावा दिवस' तरी कुठून मोजला? भरवल्यापासून. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि अंड सुटतं ते माज संपत आल्यावर. दुसऱ्या दिवशी घोडा दाखवला असेल तर आपला चौदावा दिवस गर्भाचा अकरावाच असू शकतो. तेव्हा तो हरभऱ्याएवढा असतो. त्या सुमारास बऱ्याचदा तो शिंगात नसतोच, मधल्या पोकळीत असतो. आमचे लोक दोन्ही शिंगं बघतात आणि मधली पोकळी सोडून हात बाहेर काढतात. खऱ्या चौदाव्या दिवशी तो बोराएवढा झालेला असतो, मग नीट बघणाऱ्याला सापडतो.

माझ्याच दावणीचं सांगतो. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली घोडी. पहिल्या वर्षी चौदाव्या दिवशी "रिकामी", इंजेक्शन, चौथ्या दिवशी माजावर. ती खरंच रिकामी होती की नव्हती, आता सिद्ध करता येणार नाही. हंगाम मात्र गेला. पुढच्या वर्षी तोच माणूस, तेच "रिकामी", सुई भरून तयार. मी म्हटलं, चार दिवस दम धरा. तो वैतागला, "तुम्हाला जास्त कळतंय" म्हणाला. चार दिवसांनी डाव्या शिंगाच्या बुडाशी काळा गोल स्पष्ट दिसला. त्याचं शिंगरू आज दारात उधळतंय, आणि मला पहिल्या वर्षाची रात्र आठवते.

जुळ्यांचंही असंच. घोडीला जुळं झेपत नाही, बहुतेक घोड्या गाभडतात, तेही पुष्कळदा दिवस भरत आल्यावर. दोन्ही गोळ्या हिंडत असतात तोवर, म्हणजे चौदा-पंधराव्या दिवशी, जाणकार डॉक्टर त्या बाजूला करून एक दाबून काढू शकतो. एक दिसली की "झालं, गाभण" म्हणून उठणारा माणूस दुसरी तिथंच सोडून जातो.

काहीजण वर गर्भ टिकायचं इंजेक्शन सरसकट देतात, हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट. पिवळा पिंड नसलेल्या घोडीत त्याने गर्भ टिकत नाही, हे तपासून झालेलं आहे. जरा लंगडली की फ्लुनिक्झिन, तेही सहज. ते प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं आणि त्याने गर्भाचं हिंडणं मंदावतं. पोटशूळ असेल तर द्यावंच लागेल, पण तारीख सांगून, डॉक्टरला विचारून द्या.

कोण म्हणेल, आपल्या बापजाद्यांनी कुठं मशीन लावलं होतं? नव्हतं लावलं. पण त्यांच्याकडं प्रोस्टाग्लँडिनची बाटलीही नव्हती. एक हत्यार घेतलं तर दुसरं नीट वापरायला नको का?

यंदा मी डॉक्टरसाहेबांना माजातच एक दिवसाआड बघायला लावलं. अंड सुटल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलीय. पंधराव्या दिवशी सकाळी बघायचं, दोन्ही शिंगं आणि मधली पोकळी. काही गोल दिसलं तर अर्ध्या तासाने परत, कारण पाण्याची गाठ जागची हलत नाही, गर्भ हलतो. नाही दिसलं तर दोन दिवसांनी पुन्हा. येताना इंजेक्शनची बाटली आणू नका, असंही सांगून ठेवलंय.