दोष कोणाचा आणि हात कोणाचा?

घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच, हे वाक्य आमच्याकडे इतके लाडके आहे की, भांडे फेकून कोणी मारले हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. कुटुंब-समुपदेशनाच्या शास्त्रालाही याच वाक्याच्या दावणीला बांधण्याचा उद्योग सध्या चालू आहे; म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी शास्त्राचे ऋण मान्य करतो. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन या विदुषीने स्किझोफ्रेनियाचे खापर आईच्या माथी फोडणारा एक शब्द रूढ केला. पुढे १९५४ पासून मरे बोएन यांनी अमेरिकेत, बेथेस्डा येथे, प्रथम मातांना आणि मग सबंध कुटुंबांनाच रुग्णासह इस्पितळात ठेवून पाहिले. एकट्या आईवर बोट रोखणे त्यांना पुरेसे वाटेना. दोघांतला ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्याला मध्ये ओढतात, हा त्यांचा त्रिकोण प्रसिद्धच आहे. आपल्याकडे अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनीही त्याच दशकात रुग्णांच्या नातलगांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहावयास लावले. तेव्हा हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे असे म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

कारण तसला तिसरा कोन मी स्वतःच होतो. आमच्या घरी सात वर्षे आईवडिलांचे बोलणे माझ्यामार्फत चाले. ‘त्यांना सांग, पान वाढलंय.’ ‘तिला सांग, भूक नाही.’ दोघांमध्ये तीन हातांचे अंतर, आणि निरोप्या मी! लोक मला समजूतदार म्हणत. धाकटा भाऊ परीक्षा आली की तापाने फणफणे. तेवढे चार दिवस ती दोघे एकमेकांशी बोलत. आम्ही औषध त्याला देत राहिलो. दुखणे घराचे होते, हे मला कळायला चाळीस वर्षे आणि बोएन यांचे पुस्तक लागले.

आता तक्रार. माझ्या भाचीला नवरा मारी. एका समुपदेशन केंद्रात आम्ही गेलो. तेथल्या बाईंनी दोघांना शेजारी बसवले, कागदावर एक वर्तुळ काढले आणि विचारले, “तो हात उगारतो, त्याच्या आधी तुम्ही काय बोलता?” वर्तुळाला आरंभ नसतो, सर्वांचाच थोडाथोडा वाटा असतो, असेही सांगितले. आणि मी, जन्माचा समजूतदार, मान डोलावली! भाची परत नांदायला गेली. तीन महिन्यांनी आली ती मोडलेले मनगट घेऊन.

वर्तुळ भांडणाचा उलगडा करते. माराची जबाबदारी वाटून देत नाही. शब्दाला शब्द दोघांनी वाढवला असेल, पण हात एकाचाच उठला. शिवाय घर ज्याच्या नावावर, पगार ज्याच्या हाती आणि जिला रात्री जायला दुसरे दार नाही, ती दोघे एकाच वर्तुळावरचे समान बिंदू कसे? रेचेल हेअर-मस्टिन यांनी हा आक्षेप अमेरिकेत १९७८ सालीच घेतला होता. आपल्याकडेही २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा झाला. मग ‘थोडे तुम्ही, थोडे त्यांनी’ हे पालुपद अजून का?

कोणी म्हणेल, वेगवेगळे बसवून विचारले तर घर फुटते. मी म्हणतो, नवऱ्याच्या शेजारी बसून जी खरे बोलू शकत नाही, तिचे घर आधीच फुटलेले आहे. प्रथम प्रत्येकाला एकटे भेटा. माराविषयी स्पष्ट विचारा. मार असेल तर वही मिटा आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करा. वर्तुळे मागाहून काढता येतील. नाते न तोडताही स्वतःचे मत राखता येणे, हेच तर बोएन यांच्या लेखी प्रौढपण. मग ते मत मांडल्याबद्दल मार खाणाऱ्या बाईला ‘जुळवून घे’ म्हणणे कोणत्या शास्त्रात बसते?

भाची आता आमच्याकडेच असते. प्लास्टर निघाले त्या दिवशी तिने विचारले, “मामा, तू मान का हलवलीस?”

दोष कोणाचा, हा प्रश्न मी आयुष्यभर टाळला. या प्रश्नाला मात्र मजजवळ उत्तर नव्हते.