चित्रमंदिरांची दारे

इटलीतील कोणत्याही जुन्या गावी गेले असता तीन वास्तू बहुधा एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आढळतात: गावचे चर्च, गावचा चौक आणि गावचे चित्रपटगृह. यांपैकी पहिल्या दोन आजही नांदत्या आहेत. तिसरीच्या दारास मात्र पुष्कळ ठिकाणी कुलूप तरी दिसते, किंवा आत वाणसामानाचे दुकान तरी थाटलेले दिसते. ज्युझेप्पे तोर्नातोरे यांचा 'सिनेमा पारादीसो' हा १९८८ सालचा चित्रपट आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात सिसिली बेटावरील एका लहान गावचे चित्रगृह अखेर मोटारी उभ्या करण्यास जागा हवी म्हणून सुरुंग लावून पाडतात, आणि म्हातारीकोतारी माणसे भोवती उभी राहून ते पाहतात. तो प्रसंग पाहून डोळे न पाणावणारा प्रेक्षक विरळा. परंतु ही चित्रगृहे कशाने गेली आणि त्यांतील काही परत कशी आली, हे केवळ डोळे पुसून कळावयाचे नाही. त्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

त्या इतिहासाचा आरंभ आपल्या येथील आरंभाच्या वर्षीच झालेला आहे. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे रोम आणि मिलान येथील लोकांनी १८९६ च्या मार्च महिन्यात प्रथम पाहिली. त्याच वर्षी ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ती आपल्या लोकांपुढे आली. पुढे फिलोतेओ आल्बेरीनी नावाच्या उद्योगी गृहस्थाने १९०४ साली रोममध्ये 'मोदेर्नो' हे चित्रगृह काढले. दुसऱ्याच वर्षी त्याने रोम शहर इटलीच्या राज्यास कसे मिळाले, या प्रसंगावर चित्रपट केला. १८७० मध्ये इटलीच्या फौजा पोर्ता पिया या वेशीपाशी तट फोडून शहरात शिरल्या होत्या. त्याच वेशीसमोर, त्याच तिथीस, म्हणजे २० सप्टेंबर १९०५ रोजी, उघड्यावर पडदा लावून तो दाखविण्यात आला. आपलाच इतिहास आपल्याच वेशीत हजारोंच्या सोबतीने पाहण्याचा हा योग पाहता, या नव्या करमणुकीने त्या राष्ट्राचे मन एवढ्या लवकर कसे जिंकले याचे नवल वाटावयास नको.

आरंभी हा जत्रेतला खेळ मानला जात असे आणि प्रतिष्ठित मंडळी तेथे जावयास संकोचत. तो संकोच मोडण्यास 'काबीरिया' या भव्य चित्रपटाचा मोठा हातभार लागला. १८ एप्रिल १९१४ रोजी तोरीनो शहरातील व्हित्तोरिओ एमान्युएले नाट्यगृहात वाद्यवृंदाच्या साथीने त्याचा पहिला प्रयोग झाला. पडद्यावरील मजकुरास दान्नुन्झिओसारख्या नामवंत कवीने आपले नाव दिले होते. नाटकाचा प्रेक्षक पडद्याकडे वळला, तशी चित्रगृहांनीही नाट्यगृहांची ऐट उचलली. फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकातील एका वाड्याच्या पोटात १९२२ साली 'साव्होया' हे चित्रगृह उघडले. त्यालाच पुढे 'ओदेऑन' हे नाव मिळाले. त्याच्या सभागृहावरील रंगीत काचांचा घुमट आजही पाहणाऱ्याची मान वर करावयास लावतो. अंधारात जागा दाखविणाऱ्या सेवकास इटालियन भाषेत 'मास्केरा' म्हणजे 'मुखवटा' म्हणतात. हा शब्दही रंगभूमीच्याच घरून आलेला आहे.

या थाटात एक आठवण आपल्या घरचीही आहे. व्हेनिसजवळील लिदो बेटावर १९३२ साली एका हॉटेलच्या गच्चीवर चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि १९३७ मध्ये त्यासाठी खास चित्रप्रासाद उभा राहिला. त्याच वर्षीच्या महोत्सवात दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'संत तुकाराम' दाखविला गेला आणि त्याचा गौरवही झाला. मुसोलिनीच्या राजवटीने तो महोत्सव आपल्या दिमाखाचे साधन केला होता, ही गोष्ट खरी. तरीसुद्धा देहूच्या वाण्याचे अभंग तेथील परक्या अंधारात उमटले, ही घटना आम्हांस लहान वाटत नाही.

तथापि इटलीच्या चित्रगृहांचे खरे वैभव प्रासादांत नव्हते, ते गल्लीबोळांत होते. नवा चित्रपट प्रथम मोठ्या शहरातील महागड्या चित्रगृहात लागे. मग दुसऱ्या प्रतीच्या, मग तिसऱ्या प्रतीच्या घरी उतरत उतरत शेवटी चर्चच्या आवारातील दिवाणखान्यात पोहोचे. तोपर्यंत फितीवर ओरखडे पडलेले असत आणि तिकीट मात्र गरिबास परवडेसे झालेले असे. लोक खेळाच्या मध्येच केव्हाही आत शिरत आणि पुढच्या खेळात आपण आलो तो प्रसंग येईपर्यंत बसून राहत. अनेक चित्रगृहांचे छप्पर सरकते असे. मध्यंतरात ते उघडले, की तंबाखूचा धूर आणि उन्हाळ्याचा उकाडा वर निघून जाई आणि डोक्यावर चांदण्या दिसत. रिमिनी गावच्या 'फुल्गोर' चित्रगृहात बापाच्या मांडीवर बसून एका मुलाने पहिला चित्रपट पाहिला. तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेला फेदेरिको फेलिनी. १९५५ साली इटलीत सुमारे ८१ कोटी ९० लाख तिकिटे खपली. लोकसंख्या जेमतेम पाच कोटींची असता हा आकडा काय सांगतो, हे निराळे लिहावयास नको.

पण त्याच साली ओहोटीचीही खूण दिसली होती. दूरचित्रवाणी १९५४ च्या जानेवारीत सुरू झाली होती. पुढील वर्षाच्या अखेरीस तिच्यावर 'सोडता की दुप्पट करता?' अशा अर्थाच्या नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ आला, आणि शनिवारी रात्री चित्रगृहे ओस पडू लागली. मालकांनी ओरड केली म्हणून तो खेळ गुरुवारी हलविण्यात आला. तेव्हा अनेक मालकांनी गुरुवारी आपल्या सभागृहातच दूरचित्रवाणीचा संच आणून ठेवला! वैऱ्यास घरात घेऊन त्याचे आदरातिथ्य करण्याचा हा प्रकार होता. १९७६ मध्ये खासगी स्थानिक वाहिन्यांना न्यायालयाने मोकळीक दिली आणि चित्रपट फुकटात घरी येऊ लागले. १९८५ पर्यंत तिकिटांचा आकडा १२ कोटींच्या आसपास उतरला.

या उतरत्या काळातच तोरीनोची दुर्घटना घडली. १३ फेब्रुवारी १९८३, रविवारची संध्याकाळ. 'स्तातुतो' चित्रगृहात एक फ्रेंच विनोदी चित्रपट चालू होता. एका पडद्याने पेट घेतला, खुर्च्यांच्या गाद्या जळू लागल्या आणि त्यांचा विषारी धूर वरच्या सज्जात कोंडला. संकटकाळी बाहेर पडावयाची दारे बंद करून ठेवलेली होती, कारण कोणी फुकटे आत शिरू नयेत! चौसष्ट माणसे मेली; त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून. आज जुन्या चित्रगृहांविषयी गहिवरून बोलणाऱ्यांनी ही चौसष्ट माणसे विसरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे सरकारने अग्निसुरक्षेचे नियम कडक केले ते योग्यच केले. मात्र त्या सुधारणांचा खर्च न झेपल्याने कित्येक लहान मालकांनी कायमचे कुलूप लावले. आत आलेल्यांसाठी जे दार उघडावयास हवे होते ते उघडले नाही, आणि त्याची किंमत बाहेरच्या दारांनीही मोजली.

मग ही कथा येथेच संपली काय? तसे दिसत नाही. रोममध्ये 'अमेरिका' नावाचे जुने चित्रगृह पाडून तेथे सदनिका बांधण्याचा बेत होता. २०१२ च्या नोव्हेंबरात काही विद्यार्थी त्यात शिरले आणि त्यांनी ते झाडून पुसून चालू केले. परक्याच्या मिळकतीत असे शिरणे आम्हांस पसंत नाही. पण २०१४ साली बाहेर काढल्यावर त्यांनी जे केले ते मात्र कौतुकास्पद आहे. पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यात ते जवळच्या चौकात पडदा लावून विनामूल्य चित्रपट दाखवू लागले. नंतर रीतसर मार्गाने 'त्रोइझी' हे नगरपालिकेचे बंद चित्रगृह त्यांनी चालवावयास घेतले आणि २०२१ साली ते उघडले. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अहोरात्र खुली अभ्यासिकाही ठेविली आहे. रिमिनीचे 'फुल्गोर' २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. बोलोन्या शहरात जमिनीखाली असलेले १९१५ सालचे 'मोदेर्निस्सिमो' २०२३ मध्ये उजेडात आले. फ्लॉरेन्सच्या 'ओदेऑन'मध्ये त्याच वर्षापासून दिवसा पुस्तके विकतात आणि रात्री चित्रपट दाखवितात.

या सर्वांत आम्हांस एक धागा दिसतो. जी चित्रगृहे परत आली, ती केवळ आठवणींच्या जोरावर आली नाहीत. अभ्यासिका, पुस्तके, चौकातील विनामूल्य खेळ अशा कोणत्या तरी नव्या कारणासाठी त्यांनी आपले दार उघडे ठेविले, म्हणून लोक आत आले. आपल्या गावातीलही एखादे जुने चित्रगृह आज अखेरच्या घटका मोजीत असेल. ते पडल्यावर हळहळण्यापेक्षा, त्याचे दार उघडे आहे तोवर एका संध्याकाळी घरच्या लहानथोरांसह तेथे जावे. मात्र आत शिरताच बाहेर पडावयाचे दुसरे दार कोठे आहे आणि ते खरोखर उघडते की नाही, एवढे तेवढे पाहून घ्यावे.