अवघड उच्चार की अवघडलेले मन?

‘पोर्तुगीज उच्चार आपल्या जिभेला जमणारे नाहीत,’ असे पिंपरी-चिंचवडच्या आपल्या धर्मग्रामांतील कित्येक पालक ठामपणे सांगतात. हेच पालक चाकणच्या कारखान्यांकडे पाहून मुलांना जर्मन वा जपानी शिकवण्यासाठी पदरमोड करतात. तेथे जिभेची तक्रार ऐकू येत नाही. मग जिने आपल्यापैकी अनेकांना आडनावे दिली, जिच्यात गोव्यातील जुन्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी आहेत, त्या भाषेपुढेच जीभ का अडखळावी?

दोष जिभेचा नाही, इंग्रजी चष्म्याचा आहे. ‘कुटिन्हो’ हे आडनाव घ्या. त्यातील रोमन ‘एच’चा ‘ह’ होतच नाही. ‘एन’ आणि ‘एच’ मिळून आपल्या वर्णमालेतला ‘ञ’ होतो, आणि ‘टी’चा होतो दंत्य ‘त’. म्हणजे उच्चार ‘कोतिञु’च्या जवळचा. ‘कार्व्हालो’मधील ‘एल-एच’ हा ‘ल्य’सारखा. ‘नाताळ’चा मूळ अंत्य ‘ल’ पोर्तुगालमध्ये जाड उच्चारला जातो. मराठीने त्याला ‘ळ’ दिला. या ध्वनींसाठी देवनागरीपाशी अक्षरे आहेत. आपण मात्र ती रोमन लिपीत शोधत बसतो.

खरा कस लागतो तो ‘आंव’ या नाकातून निघणाऱ्या स्वराचा. ‘पाव’ आणि ‘लिलाव’ हे शब्द घेताना मराठीने त्यातले अनुनासिक गाळले. गोव्याहून आलेली आजी मात्र ‘सांजांव’ म्हणताना ते अजून जपते, आणि इंग्रजी शाळेतील नातवंडे तिला गावंढळ समजून हसतात! मग अशुद्ध कोण?

ही राज्यकर्त्यांची भाषा होती, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. पण इंग्रजी तरी कोणाची होती? आणि चौलजवळच्या कोर्लईकडे पाहा. 1740 मध्ये पोर्तुगीज सत्ता तेथून गेली. तरीही तेथील कॅथलिक कुटुंबांनी पोर्तुगीजपासून घडलेली आपली बोली, मराठीच्या शेजारात राहून, आजवर घराघरांत राखली. त्यांना ना राजाश्रय होता, ना शाळा.

पालकहो, रविवारच्या मिस्साबलिदानानंतर अर्धा तास मुलांना अशा वडीलधाऱ्यांजवळ बसवा, ज्यांच्या कानांवर ही भाषा पडलेली आहे. रोमन स्पेलिंग बाजूला ठेवा. आधी ऐकू द्या, मग देवनागरीत लिहू द्या. आरंभ स्वतःच्या आडनावापासून करा. स्वतःचे नाव नीट उच्चारता येत नसेल, तर परक्या भाषांची प्रमाणपत्रे मिरवण्यात कोणते भूषण?